बंद पडलेली गाडी आणि तिच्या गोष्टी

धंद्याधंद्याची आपापली बैठक असते. अडत्यांची मोंढ्यात, वकिलांची कोर्टाच्या व्हरांड्यात, शिक्षकांची मधल्या सुट्टीतल्या चहाभोवती. ट्रकमालकांची बैठक कोठे भरते असे कोणी विचारले, तर एक जागा सांगता येणार नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरात ती वाळूजच्या कारखान्यांबाहेर माल भरण्याची वाट पाहताना भरते, जालना रस्त्यावर फिटरच्या दुकानापुढे आडव्या टाकलेल्या टायरवर भरते, आणि ढाब्यावरच्या खाटेवर तर रोजच भरते. विषय बहुधा एकच : गाडी कोठे बंद पडली, कशाने पडली आणि तेथून कशी निघाली.

परक्या माणसाला वाटते, हे वेळ घालवणे चालले आहे. आमचे म्हणणे असे की, या गप्पा म्हणजे या धंद्याची शाळा आहे. तिला इमारत नाही आणि पाठ्यपुस्तकही नाही. तरी आपल्या घरातले धान्य, सिमेंट, लोखंड आणि औषधे ज्यांच्या हातून येतात, त्यांतले पुष्कळजण याच शाळेत शिकले आहेत. ही शाळा काय शिकवते, काय चुकीचे शिकवते आणि आज ती अडचणीत का आली आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हे शहर ट्रकवाल्यांचे का झाले ते पाहू. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजामाच्या राज्यातील रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली; पण ती मीटर गेज होती, आणि मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉड गेज. त्यामुळे मुंबईच्या बाजूने आलेला माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. ही अडचण १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले तेव्हा कोठे संपली. दोनदा हमाली, दोनदा मोजदाद आणि मध्ये चार दिवसांचा खोळंबा, यापेक्षा दुकानाच्या दाराशी येऊन उभा राहणारा ट्रक व्यापाऱ्याला बरा वाटला, तर नवल नाही. पुढे चिकलठाण्याला आणि नंतर वाळूजला औद्योगिक वसाहत झाली. बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ साली सुरू झाला. शेजारच्या जालन्यात लोखंडी सळ्यांचे कारखाने वाढले. धुळे–सोलापूर हा उत्तर-दक्षिण रस्ता आणि पुणे–जालना हा आडवा रस्ता येथेच एकमेकांना भेटतात. चोहोंकडून वाटा आल्या, की वाटेवरच्या गोष्टीही आल्याच.

गाड्याही बदलत गेल्या. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. तो करार १९६९ पर्यंत चालला. मद्रासकडच्या अशोक लेलँडचे नाव १९५५ पासूनचे. या गाड्यांचा एक मोठा गुण असा, की त्यांचे पोट उघडून पाहता येत असे. पाने, हातोडी, टामी आणि थोडी अक्कल एवढ्यावर निम्मे आजार रस्त्याच्या कडेला बरे होत. गोष्टींची शाळा उभी राहिली ती या गुणावर.

आता या शाळेचा पहिला धडा घेऊ. तरुण मालक फोनवर सांगतो, गाडी बंद पडली. पलीकडचा जुना मालक लगेच उपाय सांगत नाही. तो विचारतो, “बंद पडताना धक्के देत पडली, का एकदम गप्प झाली?” प्रश्न साधा दिसतो, पण सगळे निदान त्यात आहे. धक्के देत, दम तोडत बंद पडली, तर डिझेल पोचत नाही असा संशय घ्यावा. एकदम गप्प झाली, तर काही तुटले किंवा अडकले आहे. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन मुके होते, कारण पंपाला द्रव ढकलता येतो, हवा नुसती दाबली जाते आणि नोझल उघडण्याइतका जोर तयार होत नाही. जुन्या गाड्यांत यावरचा उपाय असा : फिल्टरवरचा स्क्रू ढिला करावा, हातपंप मारत राहावे, फेसाळ डिझेल जाऊन अखंड धार लागली की स्क्रू आवळावा. वैद्य नाडी पाहण्याआधी रोग्याला चार प्रश्न विचारतो, तशीच ही रीत. ज्याने अशा वीस गोष्टी ऐकल्या, तो अंधारात एकटा असला तरी घाबरत नाही. कोठून सुरुवात करावयाची हे त्याला ठाऊक असते.

दुसरा धडा कानांचा. मागच्या धुऱ्यावर प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके असतात. आतल्या चाकातील हवा गेली, तरी बाहेरचे चाक भार पेलून धरते आणि डोळ्यांना काही दिसत नाही. दोघांचे ओझे एकट्यावर पडते, टायर तापतो, फुटतो, कधी पेटही घेतो. म्हणून शहाणा ड्रायव्हर चहाला थांबला की आधी टामी घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारतो. भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, रिकाम्याचा बद्द. हा आवाज कोणत्याही पुस्तकात छापता येत नाही. तो उस्तादाने किन्नरच्या कानात भरावा लागतो.

तिसरा धडा कमानपाट्याचा. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता एका जागी राहत नाही, आणि त्याचा दंड पाट्यांना भरावा लागतो. खालचा आखूड पाटा तुटला, तर सावकाश पुढचे गाव गाठता येते. पण मुख्य पाटा तुटला, तर धुरा जागचा सरकतो आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. कोणत्या बिघाडात चालत राहावे आणि कोणत्यात तेथेच थांबावे, हा विवेक म्हणजे या शाळेतली वरची इयत्ता. “थोडं रेटलं असतं तर पोचलो असतो,” असे सांगणाऱ्यापेक्षा “मी तिथेच उभा राहिलो,” असे सांगणाऱ्याला जाणती माणसे अधिक मान देतात.

घाटाशिवाय मात्र कोणतीही गोष्ट रंगत नाही, आणि आमच्याकडे घाट म्हणजे कन्नडचा. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून त्याला औट्रम घाट म्हणतात. कन्नडचे पठार सोडून गाडी चाळीसगावकडे खानदेशात उतरते ती येथून. चढताना इंजिनाची परीक्षा असते, उतरताना ड्रायव्हरची. असे समजा, की २५ टनांची गाडी २०० मीटर खाली उतरावयाची आहे. ती सगळी ब्रेकवर उतरवली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होईल, तिने सुमारे १४५ लिटर थंड पाणी उकळीला येईल. एवढा विस्तव चाकांच्या पोटात भरल्यावर ब्रेकचे अस्तर घसरू लागते. पाय दाबला तरी चाक धरत नाही. म्हणून जुना नियम : ज्या गिअरमध्ये चढावे, त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे गाडीला आवरण्याचे काम इंजिन करते आणि ब्रेक राखीव राहतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्याची गोष्ट पुष्कळदा दुसऱ्यालाच सांगावी लागते.

या घाटाने अलीकडे आणखी एक धडा दिला. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीत दरडी कोसळल्या आणि वाहने घाटात अडकून पडली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने येथून जड वाहने नेण्यास बंदी झाली, आणि गाड्यांना नांदगावकडून वळसा पडू लागला. वळसा म्हणजे जादा डिझेल आणि जादा तास. भाडे ठरवताना हे तास कोणाच्या हिशेबात धरावयाचे, यावर खाटेवर जी चर्चा होते ती अर्थशास्त्राच्या वर्गात शोभावी.

पैशाची बाजू या गोष्टींत वरवर दिसत नाही, पण ती तळाशी असतेच. आपल्या देशात पाचपन्नास गाड्यांचे मालक थोडे. एक, दोन, फार तर पाच गाड्या असणारेच अधिक. त्यांतले पुष्कळजण पूर्वी ड्रायव्हर होते. अशा माणसाची गाडी उभी राहिली, तरी फायनान्सचा हप्ता, विमा आणि कर उभे राहत नाहीत. पोचता माल वेळेवर गेला नाही, की परतीचे भाडे दुसरा घेऊन जातो आणि गाडी रिकामी आणावी लागते. म्हणून आठशे मैलांवर अडकलेला माणूस सुटा भाग, उधारी आणि भरवशाचा मिस्त्री, या तिन्हींसाठी गप्पांतल्या ओळखीवर अवलंबून असतो. “अमक्या नाक्यावर अमका फिटर आहे, माझं नाव सांग,” हे एक वाक्य त्याला बँकेच्या हमीपत्रासारखे उपयोगी पडते.

याच गरजेतून या लोकांचा एक अलिखित धर्म झाला आहे : बंद पडलेल्या गाडीपाशी थांबावे. ती गाडी पंजाबची असो की तामिळनाडूची, भाषा कळो वा न कळो, पाना द्यावा, पाणी द्यावे, किन्नरला पुढच्या गावापर्यंत न्यावे. यात केवळ दयाबुद्धी आहे असे आम्ही म्हणणार नाही. उद्या आपणही असेच उभे असू, ही जाणीव त्यात आहे. आणि परस्परांच्या गरजेवर उभा असलेला धर्म पुष्कळदा नुसत्या उपदेशावर उभ्या असलेल्या धर्मापेक्षा जास्त टिकतो.

आता या शाळेतला खोटा धडा. काही गोष्टींत शौर्य असते ते झोप न घेण्याचे. दिल्लीला किती तासांत पोचलो, किती रात्री डोळा लावला नाही, हे मिशीवर ताव देऊन सांगितले जाते, आणि पंचविशीचा पोरगा ते ऐकतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला, त्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विसावा ठरवून दिला होता. साठ वर्षे हा नियम कागदावर राहिला. खाटेवरच्या गोष्टीत त्याला जागा मिळाली नाही. जुन्या वाकड्या रस्त्यावर खड्डे, गावे आणि जकातनाके ड्रायव्हरला जागे तरी ठेवीत. जकातनाके गेले; १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे करतपासणी नाकेही उठले. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत ५ जून २०२५ रोजी पुरा झाला. त्याचा सरळपणा हाच त्याचा धोका आहे. तासन्‌तास काही घडत नाही, आणि काही घडत नाही म्हणूनच डोळा लागतो.

अशा रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीचा अर्थही बदलतो. पूर्वी चाकामागे दगड लावले, झाडाची फांदी मागे टाकली, की झाले. शंभराच्या वेगाने येणाऱ्याला फांदी दिसेपर्यंत वेळ टळलेली असते. १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री आमच्याच जिल्ह्यात, वैजापूरजवळ, भाविकांची लहान बस मागून ट्रकवर आदळली आणि १२ माणसे गेली. वाहन कोठे आणि कसे उभे करावे, मागे किती अंतरावर चकाकता त्रिकोण ठेवावा, माणसांनी कठड्यापलीकडे का जावे, या गोष्टींना आता शूरांच्या गोष्टींची जागा मिळाली पाहिजे. आणि काम झाल्यावर रस्त्यावरचे दगड उचलावेत, हा धडा तर पहिलीतच हवा.

दुसरा बदल गाडीच्या पोटातला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची इंजिने आली. धूर स्वच्छ झाला, ही मोठीच गोष्ट; फुप्फुसे सगळ्यांचीच आहेत. पण इंजिनाचा कारभार आता संगणक पाहतो. धुरात मिसळावयाचे युरियाचे पाणी संपले की गाडीची ताकद उतरते. एखादा सेन्सर बिघडला की दिवा लागतो, आणि टामी त्यावर काही करू शकत नाही. कंपनीचा माणूस यंत्र जोडून आकडा वाचतो. उस्तादाचे ज्ञान व्यर्थ झाले असे मात्र समजू नये. आकडा रोगाचे नाव सांगतो. कारण वायर उंदराने कुरतडली, का जोडात पाणी गेले, हे शोधण्यास नजर तीच लागते. ब्रेक तापतोच, टायरचा आवाज बद्द येतोच, आणि झोप संगणकालाही थांबवता येत नाही. जुन्या माणसांनी आकडे वाचावयास शिकावे आणि नव्या पोरांनी ठोका ऐकावयास शिकावे, हाच खरा मार्ग.

यात आपल्यासारख्या शहरवासीयांचा काय संबंध, असे कोणी विचारील. आपणच कारखान्याचे व्यवस्थापक आहोत, दुकानदार आहोत, घरी बसून वस्तू मागवणारे ग्राहक आहोत. दारात ट्रक दहा तास ताटकळत ठेवून वर “उद्या सकाळी माल पोचलाच पाहिजे” असे सांगणारेही आपणच. ते दहा तास ड्रायव्हर रस्त्यावर भरून काढतो, आणि बहुधा ते त्याच्या झोपेतून निघतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. पण गार केबिनपेक्षा जास्त गरज आहे ती वेळेवर माल उतरवून घेण्याची, फाटकाच्या आत गाडी उभी करू देण्याची, आणि आंघोळीला पाणी व पाठ टेकण्यास जागा देण्याची. एवढे झाले, तर खाटेवर सांगण्याजोग्या गोष्टी थोड्या कमी होतील. पण गोष्ट सांगणारा दुसऱ्या दिवशी घरी पोचलेला असेल.