रोधक सह्यता, ध्वनिसंश्लेषकातील

रोधकाचा प्रत्यक्ष रोध त्याच्यावर दर्शविलेल्या मूल्यापेक्षा जास्तीत जास्त किती टक्क्यांनी कमी वा अधिक असू शकेल, हे सांगणाऱ्या मर्यादेस सह्यता म्हणतात. व्यापारात हीच ‘टॉलरन्स’ म्हणून ओळखली जाते. १०० किलोओहम मूल्याच्या व ५% सह्यतेच्या रोधकाचा रोध ९५ ते १०५ किलोओहम यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. चार किंवा पाच पट्ट्यांच्या रोधकावर अखेरचा पट्टा सह्यता दर्शवितो : चंदेरी १०%, सोनेरी ५%, तांबडा २% व तपकिरी १%. कार्बन पटल रोधक सामान्यतः ५%, तर धातुपटल रोधक १% सह्यतेचे असतात. ०·१% सह्यतेचे रोधकही मिळतात. परंतु त्यांची किंमत पुष्कळ जास्त असते.

विद्युत् दाबाने नियंत्रित केलेल्या आंदोलक, छानक व प्रवर्धक यांच्या साहाय्याने स्वर निर्माण करणाऱ्या उपकरणास सदृश ध्वनिसंश्लेषक किंवा ॲनालॉग सिंथेसायझर म्हणतात. भारतात १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग संश्लेषक बसविला. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये अशाच जातीच्या उपकरणांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व पुण्यातील बुधवार पेठ येथील बाजारांत सुटे घटक मिळत असल्याने हौशी व्यक्तीला असे उपकरण स्वतः जुळविता येते. मात्र कोणत्या जागी किती सह्यतेचा रोधक वापरावा, हे नीट न ठरविल्यास उपकरण बेसूर होते, किंवा खर्च विनाकारण वाढतो.

सुरांची अचूकता : रॉबर्ट मूग यांच्या उपकरणांमुळे रूढ झालेल्या पद्धतीत नियंत्रक दाब १ व्होल्टने वाढला की स्वराची कंप्रता दुप्पट होते, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो. सप्तकाचे १२ अर्धस्वर व प्रत्येक अर्धस्वराचे १०० सेंट मानतात. त्यामुळे एका अर्धस्वरास सु. ८३ मिलिव्होल्ट व एका सेंटास सु. ०·८३ मिलिव्होल्ट दाब लागतो. दाबाच्या मापनात १% चूक झाल्यास प्रत्येक सप्तकामागे १२ सेंटांची व चार सप्तकांत ४८ सेंटांची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराची तफावत पडते. भारतीय संगीतात प्रमाणश्रुती म्हणून ओळखले जाणारे ८१/८० हे अंतर सु. २१·५ सेंटांचे आहे. यावरून या चुकीचे महत्त्व लक्षात येते.

एकच आदान असल्यास ही चूक लहान चलरोधक फिरवून काढून टाकता येते. मात्र ५% सह्यतेच्या रोधकांसाठी चलरोधकाची कक्षा मोठी ठेवावी लागते. मग तो किंचित फिरविला तरी सूर बराच सरकतो व जुळणी टिकत नाही. दोन आदाने एकत्र मिळविताना अडचण वाढते. एका आदानाची जुळणी केल्यावर दुसरे आदान आपोआप जुळत नाही. कारण १% सह्यतेच्या दोन रोधकांत परस्परांशी २% पर्यंत फरक असू शकतो, म्हणजे दर सप्तकास २४ सेंट. ०·१% सह्यतेच्या रोधकांनी हा फरक सु. २·४ सेंटांवर येतो.

येथे रोधकाच्या निरपेक्ष मूल्यापेक्षा दोन रोधकांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते. म्हणून १% सह्यतेचे अनेक रोधक घेऊन एकाच मापकाने मोजावेत व समान निघणाऱ्या जोड्या निवडाव्यात. मापकाच्या स्वतःच्या चुकीचा परिणाम दोन्हींवर सारखाच होत असल्याने तुलना विश्वसनीय ठरते. मोजताना रोधक बोटांनी धरून ठेवू नये. शरीराच्या उष्णतेने त्याचे मूल्य बदलते आणि उच्च मूल्याच्या रोधकाला त्वचेचा रोध समांतर जोडला जातो.

इतर मंडले : सर्वत्र अशी काटेकोर निवड करण्याची गरज नाही. ध्वनिमिश्रकातील दोन रोधक ५% सह्यतेचे व परस्परविरुद्ध टोकांचे असले, तरी ध्वनिपातळीत सु. ०·९ डेसिबेलचाच फरक पडतो. छानकाची कंप्रता रोध व धारित्र यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. धारित्रांची सह्यता बहुधा ५ ते १०% असल्याने तेथे केवळ रोधक अचूक घेऊन फारसा लाभ होत नाही. दर्शक दिव्याच्या रोधकास कोणतीही सह्यता चालते. याउलट दोन संकेतांतील फरक घेणाऱ्या प्रवर्धकात चारही रोधक जुळलेले असावे लागतात. एकपट प्रवर्धनात १% सह्यतेने समाईक संकेताचे दमन प्रतिकूलतम परिस्थितीत केवळ सु. ३४ डेसिबेल होते, तर ०·१% सह्यतेने ते सु. ५४ डेसिबेल होते.

तापमान व दमटपणा : सह्यता ही नव्या रोधकाची सामान्य तापमानातील मर्यादा आहे, नंतर होणारा बदल तीत मोडत नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारख्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगतच्या अतिपावसाच्या भागात हा भेद विशेष जाणवतो. जुन्या कार्बन संमिश्र रोधकांत ओलावा शिरून त्यांचे मूल्य काही टक्क्यांनी बदलू शकते. म्हणून असे रोधक सूर ठरविणाऱ्या मंडलात वापरू नयेत. धातुपटल रोधकाचे मूल्य दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सु. ५० ते १०० भागांनीच बदलते. मात्र दाबाचे कंप्रतेत रूपांतर करणाऱ्या ट्रँझिस्टर जोडीचे प्रमाण दर अंशास सु. ०·३३% बदलते. सकाळ व दुपार यांच्या तापमानांत १० अंशांचा फरक पडल्यास दर सप्तकास सु. ४० सेंटांची तफावत होते. सह्यता कितीही कमी असली, तरी ही चूक जात नाही. तिच्यासाठी ट्रँझिस्टरांना चिकटवून बसविलेला, धन तापमान गुणांकाचा विशेष रोधक लागतो.

सारांश, आंदोलकाच्या नियंत्रक आदानांत ०·१% सह्यतेचे किंवा निवडून जुळविलेले, छानक व प्रवर्धक यांत १% सह्यतेचे आणि उरलेल्या जागी ५% सह्यतेचे रोधक वापरणे योग्य ठरते.