घरे मिळाली, पोरे अठराची झाली

येत्या १९ जुलैला रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीच्या दरडीला तीन वर्षे होतील. चौकजवळच्या नव्या वसाहतीत पुढाऱ्यांच्या गाड्या लागतील, फुले वाहिली जातील, छायाचित्रे छापून येतील. या धांदलीत एक साधी बेरीज मात्र बहुधा कुणी करणार नाही. त्या रात्री जी मुले पंधरा वर्षांची होती, ती यंदा अठराची होत आहेत. कायद्याच्या लेखी ती आता मुले राहिलेली नाहीत आणि मुलांसाठीच्या जवळपास सगळ्या योजनांची दारे याच वर्षी त्यांच्यासाठी बंद होऊ लागतील.

दरडीचे आकडे वाचकांना पाठ असतील: २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत, २३ जुलै २०२३ रोजी शोध थांबवला. इर्शाळगडाच्या पोटातल्या या ठाकर वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रसामग्री वर नेता आली नाही. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती उभी चढण चढतानाच हृदयविकाराने गेले. या सगळ्यात एक तपशील फारसा चर्चेत राहिला नाही. वाडीतली काही पोरे त्या रात्री शाळेच्या इमारतीत मोबाइलवर गेम खेळत बसली होती, म्हणून वाचली. आश्रमशाळेत राहणारी मुलेही वाचली, कारण ती घरी नव्हती. ‘आपण घरी नव्हतो’ हे वाक्य एखाद्या पोराच्या मनात किती वर्षे घोळत राहील, याचा रकाना पंचनाम्यात नसतो.

घरांचे काम तुलनेने सोपे होते. सिडकोने नव्या जागी चाळीसहून अधिक घरे उभी केली. सिडकोला घरे बांधता येतात हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. घर म्हणजेच पुनर्वसन का, हा प्रश्न नवी मुंबईसाठी जमिनी गेलेली बेलापूर पट्टीतली गावे पन्नास वर्षे विचारत आली आहेत. तात्पुरत्या कंटेनरमधून पक्क्या घरात जाणे ही मोठीच गोष्ट, ती नाकारायचे कारण नाही. तळिये (२०२१) आणि माळीण (२०१४) इथल्या लोकांना पक्क्या घराची वाट किती पाहावी लागली हे आठवले, तर इर्शाळवाडीचे काम उजवेच म्हणावे लागेल.

पोरांच्या बाबतीत तेव्हा मोठी घोषणा झाली होती ती पालकत्वाची. दोन ते चौदा वर्षांच्या अनाथ मुलांची जबाबदारी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी श्रीकांत शिंदे फाउंडेशनच्या माध्यमातून स्वीकारली. हेतूबद्दल शंका नाही. पण दोन वर्षांच्या बाळाला आणि चौदा वर्षांच्या मुलाला एकाच ओळीत बसवले की गोंधळ सुरू होतो. बाळाला हवी असते एक कूस आणि रोज दिसणारा तोच चेहरा. मावशी असो, आजी असो. चौदाव्या वर्षीच्या मुलाला मित्र हवे असतात, शाळा हवी असते आणि आपल्याला कुणी ‘बिचारा’ म्हणू नये असे वाटत असते. फीचे पैसे दोघांनाही लागतात, पण पालकत्व त्यांच्या वयाप्रमाणे वेगळे व्हावे लागते.

आणि समुपदेशन? आपत्तीनंतर समुपदेशकांची पथके जातात, मुलांकडून चित्रे काढून घेतात, ‘मन मोकळं करा’ म्हणतात आणि परततात. या पद्धतीविषयी शास्त्राचे मत आता बरेच कडक झाले आहे. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून घ्यायचे, हा प्रकार जगभर लोकप्रिय होता. २००२ च्या सुमारास कॉक्रेनच्या आढाव्यात त्याचा फायदा दिसला नाही. काही जणांना त्रासच झाल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनाही आता तसे करू नका म्हणते. त्याऐवजी तिने पुढे आणलेला मानसिक प्रथमोपचार अगदी साधा आहे: परिस्थिती पाहा, बोलायला लावू नका पण बोलले तर ऐका, आणि जेवण, निवारा, नातेवाईक, दवाखाना यांच्याशी माणसाला जोडून द्या. बहुतेक मुले अशा आधारावर हळूहळू सावरतात. काहींना मात्र पुढेही झोप लागत नाही, पाऊस वाजू लागला की पोटात दुखते, शाळेतून मन उडते. त्यांना महिनोन् महिने एकाच प्रशिक्षित माणसाकडे जाता यावे लागते. अवघ्या महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार आणि चौकच्या पोराला त्यातले जवळचे ठाण्याचे. २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक आहे. पण फोनवर दर वेळी वेगळा आवाज भेटला तर पोरगे आपले दुःख कितीदा पहिल्यापासून सांगणार?

न सापडलेल्या ५७ जणांच्या घरांत दुःखाची जात आणखी वेगळी आहे. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक अनेक दशके अशाच कुटुंबांवर काम करत आल्या. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यावर ज्यांची माणसे सापडली नाहीत, अशा कुटुंबांसोबतही त्यांनी काम केले. त्यांचा मुद्दा असा की देह न पाहता झालेला शोक अडकून पडतो, आणि ‘आता विसरा, पुढे चला’ हा सल्ला अशा घरात चालत नाही. माणूस गेलाही आहे आणि नाहीही, या दोन्ही भावना एकाच वेळी बाळगत जगायला शिकवावे लागते. आपल्याकडे प्रशासनाने मृत घोषित केले की मदतीचा धनादेश निघतो, आणि तो निघाला की प्रकरण मिटले असे धरले जाते.

महाराष्ट्रात आपत्तीत पोरक्या झालेल्या मुलांच्या प्रश्नाला कुणी पूर्ण ताकदीने भिडले असेल, तर ते किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादची पन्नासहून अधिक गावे मातीला मिळाली. पुण्यात बांधकाम व्यवसाय केलेले, मूळचे बीड जिल्ह्यातले शांतीलाल मुथ्था तेव्हा भारतीय जैन संघटनेचे काम करत होते. त्यांनी तिथून सुमारे बाराशे मुले पुण्याला आणली. आठवड्याच्या शिबिरासाठी नव्हे, शिक्षणासाठी. राहणे, जेवण, शाळा, सगळे संघटनेने उचलले आणि पुढे वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसनाचे मोठे संकुल उभे राहिले. किल्लारीची मुले शिकून बाहेर पडल्यावरही ते बंद पडले नाही. मेळघाटातली आदिवासी मुले आली, नंतर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले आली.

मुथ्थांच्या कामात सर्वांत लक्षात राहते ती त्यांची चिकाटी. ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. मानसोपचारात जिला फार महत्त्व आहे ती गोष्ट त्यांच्याकडे व्यवस्थेच्या अंगाने आली: सकाळी अमुक वाजता उठायचे, अमुक वाजता शाळा, संध्याकाळी मैदान, आणि आजूबाजूला तेच सोसलेली शेकडो पोरे. जिथे प्रत्येकाच्याच घरी कुणीतरी गेले आहे, तिथे कुणाला ‘बिचारा’ म्हणून वेगळे पाडता येत नाही. हे काम पाच-पन्नास मुलांपुरते ठेवले असते तर कौतुकाचे लेख आले असते आणि तिथेच संपले असते. बाराशेचा आकडा घेतल्यामुळे त्यांना स्वयंपाकघरापासून शिक्षकांपर्यंत यंत्रणाच उभारावी लागली.

तरीही हे प्रारूप जसेच्या तसे इर्शाळवाडीला लावू नये, असे म्हणायला जागा आहे. मुले गाव, नाती आणि बोली यांपासून शेकडो किलोमीटर दूर गेली. २०१५ चा बालन्याय कायदा संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानतो. आधी कुटुंब, मग नातेवाईक. बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ही दिशा योग्य आहे, रक्कम मात्र चेष्टेसारखी आहे. तेवढ्यात चुलत्याने स्वतःच्या तीन पोरांच्या जोडीला चौथे कसे वाढवायचे? खरे पाहता इर्शाळवाडीला हवे आहे ते या दोन्हींमधले काही: घर नात्यात, आणि मागे वाघोलीएवढी दमदार यंत्रणा.

अशी दमदार माणसे नवी मुंबईतच आहेत. कामाठीपुऱ्यात १९८६ साली प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी सुरू केलेल्या ‘प्रेरणा’चे मुलींचे बालगृह खारघरला आहे. वेश्यावस्तीतल्या आयांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर काढले ते त्यांनीच. तिथली जखम दरडीची नाही, पण काम ओळखीचे वाटते: तेच कार्यकर्ते, तीच मुले, वर्षानुवर्षे. खारघर ते चौक हे अंतर फार नाही, आणि हा अनुभव जिल्हा बाल संरक्षण कक्षाला हक्काने मागता येईल.

आता तो अठराचा प्रश्न. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी कायद्यात ‘अनुरक्षण’ आहे, एकविसाव्या वर्षापर्यंत. पण ते संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी. चुलत्याकडे वाढलेल्याला ते लागू नाही. सरकारची दुसरी आवड म्हणजे मुदत ठेव. मनोधैर्य योजनेत अत्याचारग्रस्त मुलींच्या मदतीतली ७५ टक्के रक्कम ठेवीत जाते. कोविडमध्ये आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाख रुपये ठेवले. पैसा सुरक्षित राहतो, हे खरेच. पण वसतिगृहाची फी, खोलीचे डिपॉझिट, आयटीआयची अवजारे असा खर्च नेमका ज्या दिवशी अंगावर येतो, त्या दिवशी हा पैसा बँकेत झोपलेला असतो. आणि तो एकदम हातात आला तर कसा वापरायचा हे सांगणारा वडीलधारा घरात नसतो, म्हणून तर ती ठेव होती.

२०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आणले, ते गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या एका तरुणीमुळे. अठराव्या वर्षी ती बाहेर पडली, पुण्यात शिकली, लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली, आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला नसल्याने अडकली. ज्याला आई-वडीलच नाहीत, त्याने त्यांच्या उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा, हा तिचा प्रश्न थेट तत्कालीन मुख्यमंत्र्यांपर्यंत गेला. पुढे झालेल्या सुधारणांमुळे नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही ही वाट खुली झाली. त्यासाठी लागते महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र. इर्शाळवाडीच्या किती घरांना हे ठाऊक आहे, हे आमदारांनी १९ जुलैच्या भाषणाआधी एकदा विचारून घ्यायला हरकत नाही.

दुसरा कागद त्याहून अवघड आहे. ठाकर ही अनुसूचित जमात, पण शिक्षणात आणि नोकरीत सवलत घ्यायची तर जात वैधता प्रमाणपत्र हवे, आणि त्याला वडील-आजोबांचे शाळेचे दाखले, महसुली नोंदी लागतात. एरवीही ठाकर-ठाकूर कुटुंबांना ही पडताळणी सोपी जात नाही. इथे तर ज्या ट्रंकेत ते कागद असायचे ती ट्रंक आणि ज्यांच्या नावाचे ते असायचे ती माणसे, दोन्ही डोंगराखाली आहेत. अठराव्या वर्षी इंजिनीअरिंग किंवा नर्सिंगचा अर्ज भरणाऱ्याला हे कळते ते प्रवेशाच्या मुदतीला आठ दिवस उरलेले असताना. जिल्हाधिकारी आणि पडताळणी समिती यांनी वसाहतीतल्या प्रत्येक मुलाची फाइल आत्ताच, कुणी मागायच्या आधी, पुरी करून ठेवली तर त्याला निधी लागत नाही. लागतो तो एक नेमलेला अधिकारी, वसाहतीतल्या मुलांची वयानुसार यादी आणि त्या अधिकाऱ्याची दोन वर्षे तरी बदली न होणे.