परवाना एका फेरीपुरता

माणसाच्या एका पेशीत सहा अब्ज अक्षरजोड्यांचा डीएनए असतो. सगळा सलग ताणून धरला तर दोन मीटर भरतो. पेशी दुभंगण्याआधी हा सारा मजकूर उतरवून काढावा लागतो आणि त्यासाठी तिच्या हाताशी साधारण आठ तास असतात. नक्कल करणारी यंत्रणा मिनिटाला जेमतेम दीड-दोन हजार अक्षरं पुढे सरकते. पहिलं गुणसूत्र सुमारे 25 कोटी जोड्यांचं. एका टोकापासून काम सुरू केलं, तर या एकट्या गुणसूत्रालाच तीन महिने लागतील. म्हणून पेशी हजारो ठिकाणांहून नक्कल सुरू करते.

वेळेचा प्रश्न सुटला, पण त्यातून दुसरा उभा राहिला आणि माझ्या मते तोच जास्त अवघड आहे. या हजारो जागांपैकी कोणती जागा वापरून झाली आणि कोणती राहिली, हे लक्षात कोण ठेवणार? एक जागा दोनदा सुरू झाली, की तेवढ्या भागाच्या जादा प्रती तयार होतात, डीएनए तुटतो, गुणसूत्रांची मोडतोड होते. एखादा तुकडा राहून गेला, तर विभाजनाच्या ओढाताणीत तिथेच गुणसूत्र फाटतं. पेशीत वही घेऊन बसलेला कारकून नाही. तरीही हिशेब बहुतेक वेळा चोख लागतो.

उत्तराची पहिली चाहूल 1970 साली लागली. मूळचे भारतीय असलेले पोतु एन. राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन अमेरिकेत डेन्व्हरला काम करत होते. हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून 1951 मध्ये मिळालेल्या हेला पेशी त्यांनी घेतल्या आणि सेंडाई विषाणूच्या मदतीने दोन वेगवेगळ्या अवस्थांतल्या पेशी एकमेकींत मिसळून टाकल्या. एका आवरणात दोन केंद्रकं. नक्कल चालू असलेल्या पेशीशी नक्कल सुरू न झालेली पेशी जोडली, तर दुसरीचं केंद्रकही वेळेआधीच कामाला लागलं. पण नक्कल आटोपलेली पेशी जोडली, तर तिचं केंद्रक ढिम्म हललं नाही. भोवतालचा रस तोच, त्यात काम सुरू करायचा हुकूम घुमतोय, आणि हे केंद्रक मात्र ऐकत नाही. हुकूम सगळ्यांना सारखाच मिळत होता, याचा अर्थ फरक केंद्रकातच होता. काम झालेल्या केंद्रकातून काहीतरी खर्च झालं होतं.

ते ‘काहीतरी’ केंब्रिजच्या ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी 1988 मध्ये परवाना म्हणून मांडलं. आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांच्या रसात केंद्रक टाकलं, की त्यातला डीएनए एकदा उतरवला जातो आणि काम थांबतं. नक्कल झालेलं केंद्रक ताज्या रसात टाकलं तरी काही होत नाही. केंद्रकाचं आवरण सच्छिद्र केलं, की मात्र तेच केंद्रक पुन्हा कामाला लागतं. विभाजनाच्या वेळी आवरण विरघळतं, तेव्हा परवाना आत शिरत असणार आणि नकलेत तो वापरला जात असणार, असा त्यांचा तर्क होता. तपशिलात तो पुढे बराच बदलला. गाभा टिकला.

परवाना देण्यासाठी डीएनएवर जे बसवलं जातं ते एमसीएम, म्हणजे सहा प्रथिनांचं एक कडं. त्याचा माग 1984 मध्ये कॉर्नेलच्या बिक ताय यांना यीस्टमध्ये लागला. छोटी कृत्रिम गुणसूत्रं सांभाळता न येणारे यीस्ट त्या शोधत होत्या आणि त्यातूनच या जनुकांना हे नाव मिळालं. कडं बसवण्याची कृती बघण्यासारखी आहे. ओआरसी नावाचं सहा प्रथिनांचं संकुल डीएनएवर ठाण मांडतं. त्याला सीडीसी6 येऊन मिळतं. सीडीटी1 एमसीएमचं कडं घेऊन येतं. कड्याला एका बाजूला फट असते, त्यातून डीएनए आत सरकतो आणि फट मिटते. मग दुसरं कडं येऊन पहिल्याला समोरासमोर भिडतं. दोन्ही कडी दुहेरी धाग्याभोवती अशी नुसती बसून राहतात, काहीही उलगडत नाहीत.

त्यांना जागं करतात दोन विकरं, सीडीके आणि डीडीके. त्यांनी फॉस्फेट चिकटवले, की सीडीसी45 आणि जिन्स ही प्रथिनं येऊन जोडली जातात. कडी दोन विरुद्ध दिशांना निघतात, धागा उलगडत जातात, आणि मागे उरलेल्या जागेवर परवाना राहत नाही.

खरी गोम पुढेच आहे. सुरुवात करून देणारा सीडीकेच नवे परवाने बंद पाडतो. निवडणुकीत अर्ज भरायची मुदत संपल्याशिवाय मतदान होत नाही, आणि मतदान सुरू झाल्यावर नवा अर्ज घेत नाहीत. इथेही तसंच आहे. सीडीके कमी असतो तेव्हा कडी बसतात पण सुरू होत नाहीत. तो वाढला की सुरू होतात पण बसत नाहीत. दोन्ही कामं एकाच वेळी शक्य असलेला क्षण पेशी येऊच देत नाही.

हा बंदोबस्त एका कुलपावर सोडलेला नाही. यीस्टमध्ये सीडीके ओआरसीला अडवतो, सीडीसी6 नष्ट करवतो आणि मोकळ्या एमसीएमची केंद्रकाबाहेर रवानगी करतो. 2001 मध्ये जोआकिम ली यांच्या प्रयोगशाळेने ही तिन्ही कुलपं एकदम काढली, तेव्हा कुठे दुबार नक्कल ठळकपणे दिसली. माणसात सीडीटी1वर जास्त पहारा असतो. नक्कल सुरू झाली की ते मोडीत काढलं जातं, आणि उरलंसुरलं जेमिनिन हे प्रथिन धरून ठेवतं. विभाजनाच्या अखेरीस जेमिनिन आणि सीडीकेला चालू ठेवणारं सायक्लिन दोन्ही नष्ट होतात. मग कडी पुन्हा बसू लागतात.

मध्येच परवाना मिळत नाही, हे कधीकधी महागात पडू शकतं. दोन बाजूंनी येणारी यंत्रं वाटेत अडकली, तर मधला तुकडा उतरवणार कोण? म्हणून पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त कडी आधीच बसवून ठेवते. बहुतेक कडी न वापरताच निघून जातात. आजूबाजूचं काम अडलं, की त्यांतली राखीव कडी जागी होतात. वरवर ही उधळपट्टी वाटेल, पण मला तर हा शहाणपणाच वाटतो.

परवान्याची यंत्रणा कमकुवत असली तर काय होतं, हे मायर-गोर्लिन या दुर्मिळ आजारात दिसतं. मुलांची उंची खुंटते, कान लहान राहतात, गुडघ्याची वाटी लहान असते किंवा नसतेच. 2011 मध्ये अशा कुटुंबांत ओआरसी, सीडीसी6 आणि सीडीटी1 यांच्या जनुकांमध्ये दोष सापडले.

नियमाला अपवाद पेशीने स्वतःच ठेवले आहेत. फळमाशीच्या लाळग्रंथीत पेशी न दुभंगता नकलेच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात आणि हजाराच्या घरात प्रती शेजारी-शेजारी चिकटून राहतात. आपल्या रक्तातल्या बिंबिका तयार करणाऱ्या पेशीही अशाच फुगतात. पण तिथेही प्रत्येक फेरीआधी सीडीके खाली येतो आणि नव्याने परवाना घ्यावा लागतो.

2015 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन डिफ्ली यांच्या गटाने यीस्टचे 16 शुद्ध केलेले घटक परीक्षानळीत एकत्र केले आणि सुरुवातीपासूनची ही सगळी कृती पेशीबाहेर घडवून दाखवली. त्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगावरच्या पाल्बोसिक्लिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते सीडीकेच्याच कुटुंबातली सीडीके4 आणि सीडीके6 ही विकरं रोखून पेशीला नकलेच्या उंबरठ्याअलीकडेच थांबवतं. मात्र एमसीएमची कडी बसवण्याची क्रिया थेट अडवणारं औषध अजून बाजारात आलेलं नाही.