इमारतीतून काय वाहते?

उत्तर गुजरातेत मेहसाण्याला दूधसागर नावाची डेअरी आहे. बाहेरून पाहिली तर ती डेअरी वाटतच नाही. काँक्रीटचे उंच, चौकोनी मनोरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. पाहणाऱ्याला वाटते, हा एखादा किल्ला असावा, नाहीतर आर्किटेक्टने हौसेने चढवलेला साज तरी असावा. खरे तर त्या मनोऱ्यांतून डेअरी श्वास सोडत असते!

आत काय चालते ते डोळ्यांसमोर आणा. दूध 72 अंशांपर्यंत तापवायचे, पंधरा सेकंद तसेच ठेवायचे आणि लगेच चार अंशांच्या आसपास गार करायचे. सगळीकडे वाफेचे नळ, गरम पाण्याने धुतली जाणारी भांडी, ओली जमीन. मेहसाण्याचा उन्हाळा वेगळाच. एवढी उष्णता आणि एवढी दमट हवा जाणार कुठे? गरम हवा हलकी असते, ती वर चढते. तिला चढायला उंच, बंदिस्त वाट दिली की ती जोमाने वर जाते, आणि तिची रिकामी झालेली जागा भरायला खालून ताजी हवा आत ओढली जाते. वाट जितकी उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ जास्त. चुलीवरच्या धुराड्याला हे कधीपासून ठाऊक आहे. पण धुराडे हाच इमारतीचा चेहरा करायचा, हे सुचायला वेगळीच नजर लागते.

ही नजर होती अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांची. जन्म 1916, गाव मालवण तालुक्यातले आचरा. हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली शिकलेला, आयआयटी कानपूर उभारणारा, स्वतंत्र भारताच्या प्रयोगशाळांना रूप देणारा हा माणूस आपल्या कोकण किनाऱ्यावरचा. आणि आपल्यातल्या कितीजणांना त्याचे नाव ठाऊक आहे? मला ही गोष्ट फार लागते.

त्यांच्या कामात एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा दिसतो. या इमारतीतून काय वाहणार आहे? हवा, पाणी, वीज, दूध, माणसे, गप्पा. आधी प्रवाह ओळखायचा, मग भिंती आखायच्या. कानविंदे यांच्या इमारती या एका किल्लीने उघडतात.

हा प्रश्न त्यांना कोणी शिकवला? पुस्तकांच्या आधी कदाचित किनाऱ्यानेच. आचऱ्याहून खाली मालवण, वेंगुर्ला करत शिरोड्याला या आणि आरवलीच्या वाटेवरचे एखादे जुने घर नीट बघा. चिऱ्याच्या जाड भिंती. पुढे पडवी, म्हणजे ऊन भिंतीला भिडण्याआधीच अडते. छप्पर उतरते आणि पुढे आलेले, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. वर कौले नुसती एकावर एक रचलेली. पाऊस त्यांच्यावरून ओघळून जातो, पण आतली गरम हवा फटीफटींतून निसटते. पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि हवा बाहेर जाऊ द्यायची, ही दोन उलटी कामे एकच छप्पर करते! हे कोणी शोधले? कोणा एकाचे नाव सांगता येत नाही. पिढ्यान् पिढ्या गवंडी आणि सुतार चुका दुरुस्त करत इथवर आले.

अच्युत दोन वर्षांचे असताना आई गेली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक; व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे काढायचे. तो काळच या किनाऱ्यावर शिक्षकांचा होता. वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्याच्या शाळेत शिकवायला आले आणि 1938पर्यंत तिथे राहिले. त्याच वर्षांत आचऱ्याचा हा मुलगा वाढत होता, आणि 1930च्या दशकात तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकायला पोचला.

तिथे शिकवायला होते क्लॉड बॅटली. माणूस इंग्रज, पण विद्यार्थ्यांना सांगायचा की आधी इथल्या जुन्या इमारती मोजा. टेप धरा, कोन मोजा, कागदावर उतरवा. भारतीय वास्तूंच्या अशा मोजून काढलेल्या आराखड्यांचे त्यांचे पुस्तक आजही अभ्यासकांच्या हाती असते. मोजणे ही साधी हमाली वाटते ना? पण जाळीची जाडी मोजली की तिच्यातून उजेड किती येतो आणि वारा किती येतो, हे हाताला कळते. पाहून जे सुटते, ते मोजताना पकडीत येते.

मग 1945. महायुद्ध संपत आलेले, स्वातंत्र्य दाराशी आलेले. देशाला प्रयोगशाळा लागणार, आणि त्या बांधायच्या कशा हे इथे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. सरकारने या तरुणाला हार्वर्डला धाडले. तिथे शिक्षक होते वॉल्टर ग्रोपियस, म्हणजे 1919 साली जर्मनीत बाउहाउस ही शाळा सुरू करणारे. बॅटली म्हणायचे, जुने मोजा. ग्रोपियसचा भर अगदी उलट, की गरज काय आहे ती पहिल्यापासून विचारा, जुन्या रूपांची नक्कल नको. दोन गुरू दोन दिशांना ओढणारे! एखादा गोंधळून गेला असता. कानविंदे यांनी प्रश्न विचारायची रीत ग्रोपियसकडून घेतली आणि इथल्या उन्हा-वाऱ्याची उत्तरे त्यांच्याजवळ आधीपासून होती. मात्र ती उत्तरे त्यांच्या इमारतींत पूर्णपणे उतरायला आणखी काही वर्षे गेली.

1947 साली परत आल्यावर ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये, वास्तुविशारद म्हणून रुजू झाले. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली देशभर प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या. प्रयोगशाळा बांधणे अवघड का असते? कारण तिच्यात उद्या काय चालेल, हे आज कोणालाच ठाऊक नसते. आज रसायनाचा प्रयोग, पाच वर्षांनी तिथेच भलेमोठे यंत्र. यावर तोड अशी, की छताचा भार भिंतींवर टाकायचाच नाही. तो काँक्रीटच्या खांब-तुळयांनी पेलायचा. मग आतल्या भिंती हव्या तेव्हा हलवता येतात. आणि खांबांमधले अंतर ठरवायचे कसे? माणसावरून. एक काम करायचे टेबल, त्यापुढे उभा शास्त्रज्ञ, त्याच्या पाठीशी दुसरा शास्त्रज्ञ, दोघांना धक्का न लागता मधून जाणारा तिसरा. हे माप मिळाले की तेच पुन्हा पुन्हा मांडत जायचे. गॅस, पाणी, वीज यांच्या वाटाही त्याच मापात बसतात. एका माणसाच्या हातापायांच्या हालचालीतून सगळी इमारत मोठी होत जाते!

अहमदाबादेत विक्रम साराभाई त्या वेळी कापड उद्योगासाठी अटिरा ही संशोधन संस्था उभी करत होते. तिच्या इमारतीची कोनशिला 1950 साली सरदार पटेलांच्या हस्ते बसली. साराभाई एकतीस वर्षांचे, कानविंदे चौतीस. चंडीगड रचायला ल कॉर्बूझिए पहिल्यांदा भारतात आला तो 1951च्या आरंभी. म्हणजे त्याचे पाऊल इथे पडण्याआधीच आचऱ्याच्या माणसाची आधुनिक इमारत अहमदाबादेत आकाराला येत होती. साराभाईंच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची इमारतही कानविंदे यांचीच. दोन्हींचे उद्घाटन नेहरूंनी 1954 साली केले. 1955 साली कानविंदे यांनी शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत स्वतःचे ऑफिस थाटले.

आता कानपूर. इथे मला जरा रेंगाळायचे आहे.

आयआयटी कानपूरची स्थापना 1959ची. पहिले वर्ग भरले ते दुसऱ्याच एका संस्थेच्या कँटीनच्या इमारतीत! पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. धारवाडला जन्मलेले, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले, आयआयटी मुंबईच्या उभारणीत राबलेले. उत्तर प्रदेशातल्या सपाट माळावर एक केळकर आणि एक कानविंदे देशाचे विद्यापीठ कसे असावे यावर डोके लावून बसले आहेत, हे चित्र मला फार आवडते.

केळकरांचा आग्रह होता की इंजिनिअरला नुसते इंजिनिअरिंग शिकवून भागणार नाही. त्याला मूळ विज्ञान हवे, मानव्यविद्याही हव्यात. विचार उत्तम, पण तो विटांत कसा बांधायचा? फिजिक्सवाला आणि केमिस्ट्रीवाला आपापल्या इमारतीत दार लावून बसले तर सगळा आग्रह कागदावरच राहणार. कानविंदे यांनी इमारती सुट्या ठेवल्या नाहीत, लांब छायेच्या वाटांनी गुंफल्या. खाली एक वाट, तिच्या डोक्यावर पहिल्या मजल्याच्या उंचीवर दुसरी. गाड्या बाहेरच्या बाजूने जायच्या, आतला सगळा भाग पायी चालणाऱ्यांचा. शिकण्याच्या इमारतींच्या मधोमध ग्रंथालय. वर्गातून प्रयोगशाळेत जाणाऱ्याला वाटेत वेगळ्या विषयाची माणसे भेटणारच. आणि भेट झाली की बोलणे होणारच. वाहतूक आखता आखता कानविंदे यांनी ओळखीपाळखी आखून ठेवल्या.

वर ऊन कानपूरचे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि लू वाहते. अशा वेळी ती वरची वाट खालच्या वाटेचे छप्पर होते. काँक्रीटचा सांगाडा, मधे विटांचे पडदे, इमारतींच्या कुशीत झाडांचे चौक आणि पाणी.

पाणी कशाला? डोळ्यांना बरे वाटते म्हणून, असे आपण म्हणू. पण त्याचे खरे काम वाफेचे आहे. एक लिटर पाणी वीस अंशांपासून उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. सातपट! आणि वाफ व्हायला पाणी उकळावे लागत नाही, कोरडा वारा पुरतो. ही उष्णता येते कुठून? बरीचशी पाण्यातून आणि त्यावरून जाणाऱ्या हवेतून, म्हणून हवा गार होते. शिरोड्याच्या मिठागरांत हेच चालते. समुद्राचे पाणी खाचरांत घ्यायचे आणि बाकी काम ऊन-वाऱ्यावर सोपवायचे. विस्तव नाही, इंधन नाही, तरी पाणी उडून जाते आणि मीठ उरते. 1930 साली शिरोड्याच्या सत्याग्रहींनी कायदा मोडून उचलले ते मीठ याच वाफेने घडवलेले. शिरोड्यात हवी असते खाली उरणारी वस्तू, कानपूरला हवा असतो वर घडणारा गारवा. मात्र एक भेद मोठा. आपल्या दमट हवेत पाण्याचे हौद गारवा देण्यात फारसे उपयोगी नाहीत, कोरड्या कानपुरात ते कामाला येतात. म्हणून कोकणी घराची नक्कल तिकडे करून भागले नसते. प्रश्न तोच ठेवून उत्तर तिथल्या हवेला विचारायचे, हे कानविंदे यांनी केले.

या आवारात 1963 साली आयबीएम 1620 हा संगणक आला आणि तिथली मुले त्यावर काम करायला शिकली. देशात संगणक पाहिलेली माणसेसुद्धा तेव्हा थोडी होती.

कानविंदे शिक्षक होते का? माझ्या मते होते, आणि फार मोठे. 1959 साली दिल्लीत ललित कला अकादमीने वास्तुकलेवर परिसंवाद भरवला, त्याच्या मागे कानविंदे होते. स्वतंत्र देशाच्या इमारती कशा असाव्यात यावर आर्किटेक्ट मंडळींनी तिथे जाहीर वाद घातला. दहा वर्षांनी, 1969 साली, जेम्स मिलर यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या विद्यापीठांच्या आवारांच्या रचनेवर पुस्तक लिहिले. आपले कसब मुठीत न ठेवता ते उघडे करून मांडणारा माणूस शिक्षकच. शिवाय त्यांच्या आवारांत शिकून गेलेल्या पिढ्या आहेतच, मग त्यांना रचनाकाराचे नाव ठाऊक असो वा नसो.

मेहसाण्याची डेअरी याच्या नंतरची, 1970 ते 1973. अटिराच्या सपाट, नेटक्या रेषांपासून या मनोऱ्यांपर्यंत वीस वर्षांचा प्रवास आहे, आणि तो पाहताना थक्क व्हायला होते. सुरुवातीच्या इमारतींवर ग्रोपियसची छाप सरळ ओळखू येते. डेअरीवर कोणाचीच येत नाही. तिथे हवेची वाट, वाफेचा जोर आणि गुजरातचे ऊन यांनी मिळून आकार ठरवला आहे. पुढे दिल्लीचे इस्कॉन मंदिर त्यांनी केले, ते 1998 साली खुले झाले, आणि त्याच्या शिखरांना भाविकांची मोठी दाद मिळते. पण मला विचाराल तर त्यांचे खरे देऊळ मेहसाण्यालाच आहे.

कानविंदे 2002 साली गेले. पद्मश्री मिळाली, मानसन्मान झाले, ते सांगून मी जागा अडवत नाही. त्यापेक्षा मुंबईत असाल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जा. शाळेच्या सहलीत तुम्ही कदाचित जाऊनही आला असाल, तीही इमारत त्यांचीच. आणि दिल्लीला गेलात तर प्रगती मैदानाजवळचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र चुकवू नका. जागा अरुंद, आणि गर्दी मुलांची. मुलांना जिने चढायला लावले तर वरच्या मजल्यावर जाणार कोण? तिथे सरकता जिना पाहुण्यांना थेट वर नेऊन सोडतो, आणि मग एकेक दालन पाहत माणसे आपोआप खाली उतरत येतात.