भिंतीवरचे श्रोते आणि खुर्चीतले श्रोते

दिवाळी सरली की आम्हा बेळगावच्या रसिकांना पणजीचे वेध लागतात. चोर्ला घाट उतरायचा आणि कांपालला मांडवीकाठी कला अकादमी गाठायची. सूरश्री केसरबाई केरकर स्मृती समारोहापासून गाण्या-नृत्याचा हंगाम सुरू होतो.

ही वास्तू २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाली, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडली. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा! म्हणजे मुलांच्या एका अख्ख्या तुकडीचा बहुतेक काळ त्या रंगमंचाविना गेला. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी मोबाईलवर विलंबित ख्याल ऐकताना म्हणाली, "सर, हे पुढे सरकवू का?" तिचा दोष नाही. मैफलीत गाणे पुढे सरकवता येत नाही. तिथे बसून बसूनच कान तयार होतो. केसरबाईंची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानातून अंतराळात गेली, पण त्यांनाही ध्वनिमुद्रणापेक्षा समोरचा श्रोताच प्रिय होता.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी इथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांकडून जुन्या नाट्यगृहातले प्रेक्षक रंगवून घेतले होते. हेतू हा, की गर्दी कमी असली तरी सभागृह भरलेले वाटावे. कल्पना सुरेख, पण भिंतीवरचे श्रोते समेला मान डोलावत नाहीत. त्यासाठी खुर्चीत माणूसच लागतो.

म्हणून पालकांना एकच विनंती. यंदा मैफलीला जाल तेव्हा घरातल्या एका तरुणाला सोबत न्या. पहिल्या दिवशी तो कंटाळेल, कंटाळू द्या.