गोलरक्षक ब्रह्मानंद

जन्म १९५४, पणजीला खेटून असलेलं ताळगाव. ब्रह्मानंद शंखवाळकर यांची उमेदीची वर्षं साळगावकर फुटबॉल क्लबचा गोल राखण्यात गेली. भारताचं कर्णधारपदही त्यांनी सांभाळलं. पण गोंयकारांना विचाराल, तर आधी विषय निघेल संतोष करंडकाचा, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा. १९८२-८३मध्ये गोवा बंगालसह संयुक्त विजेता ठरला. पुढच्याच हंगामात अंतिम सामन्यात पंजाबला १-० हरवून करंडक एकट्या गोव्याचा झाला, तोही अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता! एवढं करूनही गोलरक्षकाचं नाव गोल करणाऱ्यांच्या मागेच येतं. सरकारी दखलही रमतगमतच आली : अर्जुन पुरस्कार १९९७मध्ये मिळाला, पद्मश्रीसाठी २०२२ उजाडलं.