सीमा ठरली, गॅस कुठे आहे?

हेगच्या लवादाने ७ जुलै २०१४ रोजी बंगालच्या उपसागरातली भारत-बांगलादेश सागरी सीमा ठरवली. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशकडे गेले. ‘भारताने गॅसचे साठे गमावले’ असे तेव्हापासून म्हटले जाते. गमावला तो शोधण्याचा हक्क. विहीर खणल्याशिवाय साठा सिद्ध होत नाही आणि वादामुळे तिथे खणणेच अडले होते.

वादग्रस्त समुद्रात शोध रोखतात त्या युद्धनौका, हा दुसरा समज. तसे घडलेही आहे. २००८ मध्ये म्यानमारच्या परवान्यावर दाएवू कंपनीची रिग सेंट मार्टिन बेटाच्या दक्षिणेला आली, तेव्हा बांगलादेशने नौदल पाठवले आणि काही दिवसांत काम थांबले. पण बहुतेक वेळा नौदलाची गरजच पडत नाही. खोल समुद्रातल्या एका विहिरीला कोट्यवधी डॉलर लागतात आणि पैसा वसूल व्हायला दशके जातात. सातबारा दुसऱ्याच्या नावे होऊ शकेल अशा जमिनीत कोण विहीर खणेल? बांगलादेशने २००८ मध्ये तेल-वायू शोधासाठी समुद्रातले ब्लॉक देऊ केले, तेव्हा भारत आणि म्यानमारने हरकत घेतली. कोनोकोफिलिप्स या तेल कंपनीशी २०११ मध्ये करार झाला तो वाद नसलेल्या भागापुरताच.

वाद असला की सगळेच काम बेकायदा, हेही खरे नाही. गयाना-सुरीनाम सागरी सीमेच्या प्रकरणात २००७ च्या लवादाने ध्वनिलहरींचे सर्वेक्षण आणि समुद्रतळात कायमचा बदल करणारे खोदकाम यांत स्पष्ट फरक केला. पहिले चालू शकते, दुसरे नाही.

सर्वांत घट्ट समज मात्र हा, की निकाल लागला म्हणजे गॅस आलाच. कोनोकोफिलिप्सने वादामुळे नव्हे, गॅसचा दर परवडेना म्हणून काढता पाय घेतला. आपल्या ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांनी २०१४ मध्ये बांगलादेशचे दोन उथळ ब्लॉक घेतले; २०२१ मध्ये खोदायला घेतलेली कांचन विहीर कोरडी निघाली. म्यानमारच्या श्वे क्षेत्रातला गॅस मात्र २०१३ पासून चीनला जातो आहे. बांगलादेशने २०२४ मध्ये २४ ब्लॉकसाठी निविदा मागवल्या. सीमा निर्विवाद होती, कंपन्यांनी कागदपत्रेही विकत घेतली. पण मुदत संपली तेव्हा बोली एकही आलेली नव्हती.